मागे बसलेली माणसं

ट्रॅक्टर चालवायला येणारा माणूस साधारणपणे पुढून येतो. टायरला एक लाथ घालतो, डिझेल बघतो आणि चढून बसतो. आत्माराम गोरिवले आधी मागे जायचा. मागच्या लिफ्टच्या दोन हातांमध्ये एक काळा ठोकळा लटकत असे. त्याला तो पायाने ढकलून बघायचा, दोन्ही बाजूंच्या पिना बोटांनी हलवायचा, वरच्या दांड्याचा आटा तपासायचा. एवढं झाल्यावर मग सीटवर.

तो ठोकळा म्हणजे अर्ध्यावर कापलेलं लोखंडी पिंप होतं. आत काँक्रीट, आणि काँक्रीटच्या पोटात दाभोळच्या जेट्टीवरून आणलेलं भंगार: गंजलेले साखळदंड, एका जुन्या होडीचा मोडका नांगर, कसल्याशा इंजिनाचं चाक. आत्मारामने ते स्वतःच्या खळ्यात ओतलं होतं आणि उन्हाने तडा जाऊ नये म्हणून त्याच्यावर रोज ओली गोणपाटं टाकली होती. वाडीतले लोक त्या ठोकळ्याला आत्मारामची दुसरी बायको म्हणायचे. त्याच्या खऱ्या बायकोला, राहीला, कोणी तसं चिडवलं की ती म्हणायची, "असू दे. तिची चौकशी तरी रोज करतात. मला ताप आला तरी चार दिवसांनी कळतं."

गुहागरहून आत, डोंगराच्या कुशीत ही वाडी. घरं थोडी, त्यातली निम्मी वर्षभर बंद. तरणी माणसं मुंबईला. आत्मारामही गेला होता. मिसरूड फुटायच्या आत गेला, हॉटेलात ताटं घासली, आणि मग उरणच्या एका कंटेनर यार्डात फोर्कलिफ्टवर चिकटला. तिथे त्याने आयुष्यातली बरीच वर्षं काढली. फोर्कलिफ्टच्या पाठीत कारखान्यातूनच बिडाचं भलंमोठं वजन बसवलेलं असतं. पुढे ओझं उचललं की मागून ते वजन गाडीला जमिनीवर धरून ठेवतं. आत्मारामला हे कोणी फळ्यावर शिकवलं नव्हतं. त्याने लहानपणी कावडीने पाणी वाहिलं होतं. कावडीच्या एकाच टोकाला घागर बांधली तर काय होतं, ते त्याच्या खांद्याला ठाऊक होतं.

यार्डात त्याने एक गोष्ट पाहिली होती. ओझं जरा जास्त झालं की ड्रायव्हर हाक मारायचा आणि दोघं-तिघं हमाल गाडीच्या पाठीवर उभे राहायचे. वजनाला माणसं. एकदा गाडी पुढे झुकली, मागचे घाबरून उतरले आणि एकाचा पाय कायमचा गेला. त्या दिवसापासून आत्मारामने पाठीवर कधी कोणाला उभं केलं नाही.

यार्डात नवी यंत्रं आली, जुनी माणसं कमी झाली, तसा तो गावी परतला. त्याच सुमाराला वाडीच्या मुंबईकर मंडळाने वर्गणी काढून गावासाठी ट्रॅक्टर घेतला. पुढे लोडर बसवलेला, म्हणजे लोखंडी बकेट आणि ती उचलणारे दोन हात. चिरे उचलायला, पाखाडीच्या वाटेवर मुरूम टाकायला, शेणखत भरायला. गावकी बसली. चालवणार कोण, असा प्रश्न निघाला. तेव्हा भागोजी उभा राहिला आणि म्हणाला, "कोण म्हंजे? आमचा आत्माराम. बंदरातल्या गाड्या चालवलेला माणूस घरात असताना बाहेरचा कशाला?"

भागोजी आत्मारामचा चुलत भाऊ. एकाच घराच्या मधोमध भिंत घालून दोघांचे संसार झाले होते. लहानपणी एका ताटात जेवले, एकाच मास्तरचा मार खाल्ला. आत्माराम उरणला असताना त्याचे आईवडील गेले, तेव्हा दोन्ही वेळा पहिला खांदा भागोजीचा होता, कारण मुलगा रस्त्यात होता. आत्माराम ही गोष्ट कधी बोलून दाखवायचा नाही, पण भागोजीच्या शब्दापुढे त्याचा शब्द कधी गेला नाही. भागोजी बोलका, हजरजबाबी, सगळ्यांना हवा असलेला. वाडीत काही करायचं असलं की लोक आधी भागोजीकडे जात.

ट्रॅक्टर आला तेव्हा आत्मारामने पहिल्याच दिवशी सांगितलं की मागे वजन लावल्याशिवाय लोडरला हात लावणार नाही. मागच्या टायरांत त्याने पाणी भरून घेतलं, पण तेवढ्यावर त्याचं समाधान नव्हतं. टायरातलं पाणी मागच्या चाकांना दाबतं, पुढच्या एक्सलवरचा भार मात्र ते कमी करत नाही. तो भार कमी करायचा तर वजन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं हवं. शिवाय ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना. ती चाकं जमिनीला नीट चिकटलेली नसली तर ब्रेक पायाखाली असूनही नसल्यासारखा. आमच्याकडे सपाट जमीन तळहाताएवढी, बाकी सगळा चढउतार. म्हणून तो ठोकळा.

दोन वर्षं ट्रॅक्टर नीट चालला. लोक लांबून बोलावू लागले. शेजारच्या गावात संरक्षक भिंतीचं काम निघालं तरी निरोप आत्मारामला. उरणहून तो रिकाम्या हाताने आला होता. जे आणलं ते एवढंच, की या माणसाच्या हातात गाडी असली तर बायकापोरांनी बाजूला व्हायची गरज नाही. वाडीत त्याची जी काही ओळख होती ती ही. तीच पुढे पणाला लागली.

शिमगा जवळ आला होता. वाघजाईची पालखी जिथे बसते त्या सहाणेभोवतीचा कठडा पावसात ढासळला होता आणि पालखी बसायच्या आधी तो जांभ्या चिऱ्यांनी पुन्हा बांधायचा ठरला. मुंबईकर येणार, फोटो काढणार, म्हणून सगळ्यांनाच घाई. सकाळी आत्माराम ट्रॅक्टरजवळ आला, नेहमीसारखा मागे गेला आणि थांबला. लिफ्टचे हात रिकामे होते.

ठोकळा कुठे गेला ते शोधायला लांब जावं लागलं नाही. सहाणेच्या कोपऱ्यावर नवा दिव्याचा खांब उभा होता. खांबाच्या बुंध्याला ओलं सिमेंट, आणि सिमेंटातून पिंपाची काळी कड वर दिसत होती. आदल्या संध्याकाळी भागोजीने पोरांना घेऊन ठोकळा गडगडत नेला, खड्ड्यात उतरवला आणि त्यात खांब पक्का केला.

"अरे, आयता पाया होता," भागोजी म्हणाला. "नवीन काँक्रीट कधी सुकणार, शिमग्याला की गणपतीला? तू ओत दुसरा. तुझ्या हातचं काम हाय."

"दुसरा ओतेन. पण तो सुकेपर्यंत लोडर बंद."

वाडीचे प्रमुख आप्पा तिथेच चिरे मोजत उभे होते. वयस्कर माणूस, वाईट नाही, पण कामात खंड पडला की त्यांचं डोकं फिरायचं. "बंद म्हंजे? कठडा हातांनी उचलू काय? आत्माराम, एक ठोकळा नाय म्हणून देवीचं काम थांबवतोस?"

"आप्पा, वरून इथे येणारा उतार बघा. भरलेली बकेट घेऊन उतरायचं. मागे वजन नसेल तर गाडी थांबणार नाय."

"वजन पायजे ना?" आप्पांनी आजूबाजूला हात फिरवला. "माणसं काय कमी हायत? बसा रे मागे."

पोरं हसत पुढे आली. आमच्या वाडीत कुठलंही काम अडलं की ते असंच सुटतं. घराचा वासा चढवायचा, होडी ओढायची, पाखाडीवरून आजाऱ्याला न्यायचं, माणसांनी हात लावला की झालं. मशीन आलं तरी ती खोड गेली नव्हती. आत्मारामने नकारार्थी मान हलवली. त्याच्या डोळ्यांपुढे यार्डातला तो हमाल आला असणार. तो घराकडे वळलाही. तेव्हा भागोजी त्याच्याजवळ आला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "मी बसतो पहिला. लिफ्टच्या दांड्यावर, अगदी मागे. मी हाय तोवर तुला काळजी नाय. मी हललो तर थुंक माझ्या तोंडावर."

इथे आत्माराम चुकला. यार्डातली माणसं परकी होती, इथली आपली होती, एवढ्याच हिशोबाने चुकला. वजन लोखंडाचं असो की माणसाचं, ट्रॅक्टरला फरक कळत नाही, असं त्याला त्या क्षणी वाटलं. फरक एवढाच की लोखंडाला भीती वाटत नाही.

पहिल्या काही फेऱ्या चांगल्या झाल्या. बकेट जमिनीलगत, गिअर पहिला, मागे भागोजी आणि पाच-सहा जण लिफ्टच्या हातांवर आणि हुकावर दाटीवाटीने. "आत्माराम, तुझ्या दुसऱ्या बायकोपेक्षा आम्ही बरे की नाय?" कोणीतरी म्हणालं. "तुम्ही जास्त बडबडता," आत्माराम म्हणाला, आणि सगळे हसले. तोही हसला. त्याचा जीव थोडा खाली पडला होता.

मग ती फेरी आली. उताराच्या मध्यावर मुरूम खचून एक चर पडला होता. पुढचं एक चाक त्यात उतरलं, बकेट जराशी डुलली आणि मागचा भाग वीतभर उचलला गेला. वीतभरच. मागे वजन राहिलं असतं तर तो लगेच खाली बसला असता. आत्मारामला आधी सीटखालून कळलं. ट्रॅक्टर एकदम हलका झाला, घोड्यावरून स्वार उतरावा तसा. त्याने मागे बघितलं. लिफ्टचे हात रिकामे. भागोजी रस्त्याच्या कडेला उभा होता, सगळ्यांच्या आधी उतरलेला, कारण बाकीचे अजून पडत-धडपडत उठत होते.

आत्मारामने ब्रेक दाबला. मागची चाकं अडकली आणि तशीच मुरुमावरून घसरत निघाली. खाली कठड्याजवळ बायका घमेल्यांतून सिमेंट नेत होत्या. आत्माराम ओरडला. त्या पळाल्या. दोघी मात्र भांबावून तिथेच राहिल्या. आता एकच उपाय उरला होता. त्याने लिव्हर लोटून बकेट खाली आपटली. बकेटची धार जमिनीत रुतली, ट्रॅक्टरचं मागचं अंग वर उठलं, आडवं फिरलं आणि सकाळपासून बांधत आणलेल्या कठड्यावर कोसळलं. आत्मारामचा उजवा हात स्टिअरिंगच्या दांड्यात अडकून मनगटात मोडला. त्या दोघी हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांच्या अंगावर फक्त धूळ उडाली.

गुहागरला प्लास्टर घालून परत येताना जीपमध्ये भागोजी त्याच्या शेजारी बसला होता. आत्मारामने त्याला उडीबद्दल विचारलं नाही. घाबरला असेल, त्याने मनात म्हटलं. माणूस आहे. मीही उडी मारली असती कदाचित. राहीला तो एवढंच म्हणाला, "कोणी मेलं नाय ना, मंग झालं."

गावकी आप्पांच्या खळ्यात बसली. मुंबईकर मंडळाचे लोक फोनच्या स्पीकरवर होते. त्यांचा सेक्रेटरी दीपक, भागोजीचाच मोठा मुलगा, विचारू लागला. ट्रॅक्टर मंडळाच्या नावावर, उत्तर त्यांना द्यायचं. मागचं वजन का नव्हतं?

आत्माराम तोंड उघडणार तेवढ्यात भागोजी म्हणाला, "ते आत्मारामनेच दिलं खांबाला. म्हणाला, टायरात पाणी हाय, चालेल."

आत्मारामला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. त्याने भागोजीकडे बघितलं. भागोजी फोनकडे बघत होता.

"आणि मागे माणसं बसवली होती, असं कोणीतरी म्हणालं," फोनमधून दीपकचा आवाज आला. "कोण कोण होतं? मंडळात सांगायला लागेल मला."

खरं सांगायचं तर पोरांना सांगावंसं वाटत होतं. एकाने घसा खाकरलाही. पण गावकीत ज्येष्ठाचा शब्द आधी जातो आणि तो गेल्यावर बाकीच्यांनी त्याच्यामागे जायचं, अशी आमच्याकडची रीत. मागे बसलेल्यांत ज्येष्ठ भागोजी, म्हणून सगळे त्याची वाट बघत होते.

"मी तरी नव्हतो," भागोजी म्हणाला. "मी खाली बायकांजवळ होतो. कोणी बसलं नव्हतं."

"आम्ही पण नव्हतो," एक जण म्हणाला. मग दुसरा. घसा खाकरलेल्या पोराने मान खाली घातली. आप्पांनी स्वतः बसायला सांगितलं होतं. ते तंबाखू मळत राहिले.

आत्माराम उठला. त्याचा आवाज चढला नाही. "देवीसमोर जाऊ. भागोजीने नारळावर हात ठेवायचा आणि हेच बोलायचं. मग मी माझी चूक कबूल करतो."

त्याने हे रागाने म्हटलं नव्हतं, भरवशाने म्हटलं होतं. वाडीत लोक जमिनीवरून खोटं बोलत, कोंबड्यांवरून बोलत, लग्नाच्या वयावरून तर सर्रास बोलत. वाघजाईच्या नारळावर हात ठेवून कोणी बोलल्याचं आठवणीत नव्हतं. भागोजी तिथपर्यंत येईल आणि थांबेल, याबद्दल आत्मारामच्या मनात शंका नव्हती. देवळाच्या पायऱ्या चढताना तर त्याला भागोजीची कीव येऊ लागली होती. खरं बोलल्यावर याला किती लाज वाटेल, आपण काय बोलून त्याला सावरायचं, हे तो मनात जुळवत होता.

आप्पांनी नारळ पुढे धरला. भागोजीने त्यावर हात ठेवला.

"मी मागे बसलो नव्हतो. वजन आत्मारामने दिलं."

एवढंच. तो हात काढून बाजूला झाला. आप्पांनी गाऱ्हाणं घातलं, देवीला सांगितलं की लेकराची चूक पदरात घे. त्या लेकराचं नाव आत्माराम होतं. गावकीने ठरवलं: ट्रॅक्टर आता दुसरा चालवेल, आणि पडलेला कठडा शिमग्याआधी आत्मारामने स्वतः बांधून द्यायचा. दंडाचं काम म्हणून दुसऱ्या घरच्या कोणी त्याला हात लावायचा नाही.

"हात मोडलाय माझ्या माणसाचा," राही म्हणाली. ती बायकांच्या घोळक्यात उभी होती. कोणी तिच्याकडे बघितलं नाही. बकेट आपटल्यामुळे वाचलेल्या त्या दोघीही तिच्या शेजारीच उभ्या होत्या. एकीने पदर तोंडाला लावला आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून आत्माराम डाव्या हाताने कठडा बांधू लागला. चिरा राही उचलायची, तो फक्त बसवायचा. उलट्या हाताने थापीला वळण येईना. चिरा तिरका बसला की तो काढून पुन्हा बसवायचा. लोक येता-जाता मान फिरवत. चिडून नव्हे, त्यांना बघवत नव्हतं. पण कोणी थांबलंही नाही.

"तुम्ही बोललात का नाय पुन्हा?" राहीने विचारलं. "चार वेळा बोलायचं. ओरडायचं."

"कोणापुढे? तिथे सगळे होते. सगळ्यांना माहीत हाय."

"मंग?"

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगता येतं. ज्यांना माहीत आहे त्यांना काय सांगणार? ब्रेक दाबल्यावर चाकं घसरतात तेव्हा माणसाला जे वाटतं, तसंच त्याला आता दिवसभर वाटत होतं. पाय ठेवला होता, खाली काही नव्हतं.

एका पहाटे तो सहाणेवर आला तर भागोजी आधीच तिथे होता. एकटा. त्याने काही चिरे उचलून आणून ठेवले होते आणि कठड्याच्या पुढच्या ओळीत एक चिरा बसवलाही होता, सिमेंट लावून, नीट, ओळंब्यात. भागोजीच्या हाताला चांगलं वळण होतं.

"कोणी उठायच्या आत दोन ओळी करून टाकू," भागोजी म्हणाला. "बस तू. मी लावतो."

आत्माराम उभाच राहिला.

"रागावलास. रागाव." भागोजी खाली बसला आणि थापी हातात फिरवत बोलू लागला. "मी होतो मागे. मीच पहिली उडी मारली. तुला काय सांगायचं, तू बघितलंस. ठोकळाही मीच नेला. पण तिकडे दीपक फोनवर. त्याने मंडळात बापाचं नाव कुठल्या तोंडाने सांगायचं? तुझं काय, तुझ्यामागे कोण हाय विचारणारं? तुझं चार दिवसांनी लोक विसरतील."

"माझं विसरतील," आत्माराम म्हणाला.

"विसरतीलच. मी बोलतो आप्पांशी, पुढच्या वर्षी ट्रॅक्टर पुन्हा तुझ्याकडे. तू फक्त तोंड वाकडं करून फिरू नको. घराला एकच भिंत हाय आपल्या."

"भागोजी, आत्ता जे बोललास ते आप्पांच्या खळ्यात बोलशील?"

भागोजीने वर बघितलं. वाडीत एक दार उघडल्याचा आवाज झाला, कोणीतरी विहिरीकडे निघालं होतं. भागोजी चटकन उठला, हाताचं सिमेंट लुंगीला पुसलं. "तुला कळत कसं नाय," तो पुटपुटला आणि घराकडे न जाता मागच्या काजूच्या बागेतून निघून गेला, सहाणेवर आला होता हे कोणाला दिसू नये म्हणून.

राही डोक्यावर चिरा घेऊन आली तेव्हा आत्माराम भागोजीने बसवलेला चिरा डाव्या हाताने सुटा करत होता. सिमेंट अजून ओलं होतं, तरी एका हाताने तो निघेना. त्याने गुडघा लावला आणि तो उपसून काढला.

"चांगला बसलाय की," ती म्हणाली. "ओळंब्यात हाय."

"हाय."

त्याने तो चिरा ओढत नेऊन बाजूच्या गवतात ठेवला. भागोजीने आणलेले बाकीचे चिरेही एकेक करून तिथेच नेले. मग रिकाम्या जागेतलं सिमेंट थापीने खरवडलं आणि राहीकडे हात केला.

"तुझा दे."